पाहिलं नाही तर खाडी नसते का?

या महिन्याच्या टपालात एकाच विषयाची तीन पत्रं निघाली. तेव्हा प्रवेशपरीक्षा, इन्व्हर्टर आणि 'मुलगा गणितात नापास होतो' हे सगळं पुढच्या अंकात.

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी ऐरोलीला राहतो, बँकेत आहे, शिक्षण बीकॉम. मेहुण्यांच्या आग्रहाखातर गेल्या महिन्यात वाशीला दोन दिवसांच्या एका शिबिराला गेलो. तिथे पडद्यावर दोन फटींचा प्रयोग दाखवला. माणसाने पाहिलं की इलेक्ट्रॉन कणासारखा वागतो, नाही पाहिलं तर लाटेसारखा. म्हणजे आपल्या चेतनेमुळेच जग आकाराला येतं, हे क्वांटम विज्ञानाने सिद्ध केलंय आणि उपनिषदांत ते आधीच लिहिलंय, असं सांगितलं. पुढच्या 'स्तरा'ची फी अठरा हजार आहे. घरी येऊन हे सांगितलं तर अकरावी सायन्सची मुलगी म्हणाली, "बाबा, मग आपण सगळे झोपलो की आपली खाडी नसते का?" मला उत्तर सुचलं नाही. मेहुण्यांना दुखवायचं नाही आणि मुलीसमोर हसंही करून घ्यायचं नाही. खरं काय आहे?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या. हाच प्रश्न आइन्स्टाइन यांनी विचारल्याची आठवण त्यांच्या ओळखीचे भौतिकशास्त्रज्ञ अब्राहम पाइस यांनी लिहून ठेवली आहे. दोघं चालत निघाले होते, आइन्स्टाइन मधेच थांबले आणि म्हणाले, मी बघतो तेव्हाच चंद्र असतो असं तुम्हाला खरंच वाटतं का? त्यांचा चंद्र, तुमच्या लेकीची खाडी.

तुम्हाला दाखवलेली चित्रफीत बहुधा मीही पाहिली आहे. वर्षातून दोनदा तरी ती माझ्या व्हॉट्सॲपवर येते, खाली जोडलेले हात असतात. तिच्यात फटीशेजारी एक मोठा डोळा काढलेला असतो, चांगला पापण्यांसकट. सगळी गफलत त्या पापण्यांत आहे.

खऱ्या प्रयोगात डोळा नसतो. १९८९ साली जपानमध्ये अकिरा तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिताचीच्या प्रयोगशाळेत एकेक करून इलेक्ट्रॉन सोडले. दोन फटींच्या जागी केसाहून कितीतरी बारीक अशी एक विद्युतभारित तार होती. इलेक्ट्रॉनने तिच्या डावीकडून जावं, नाहीतर उजवीकडून. पलीकडे पोचलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन एकच ठिपका उमटवतो. पहिले शंभर-दोनशे ठिपके बघाल तर ठिपक्यांच्या रांगोळीवर कुणी शिंकलं असावं असं वाटेल. काही हजार झाले की मात्र त्या पसाऱ्यातून उभे पट्टे वर यायला लागतात, आणि आणखी झाले की लख्ख दिसतात. यंत्रात एका वेळी एकच इलेक्ट्रॉन होता, तेव्हा त्यांनी एकमेकांना ढकलून पट्टे पाडले असं म्हणायचीही सोय नाही. प्रत्येकाने एकट्याने दोन्ही वाटांचा हिशेब धरल्यासारखा. तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, पण या ठिकाणी आल्यावर माझा खडू दरवेळी क्षणभर थांबायचा.

तो कुठल्या बाजूने गेला हे कळेल अशी खूण कुठेही उमटली, की पट्टे जातात. इथपर्यंत शिबिरात सांगितलं ते बरोबर. पण 'कळेल' म्हणजे कोणाला?

याचं सगळ्यात देखणं उत्तर व्हिएन्नाच्या प्रयोगशाळेतून २००४ साली आलं. कार्बनच्या सत्तर अणूंचा एक रेणू असतो, रग्बीच्या चेंडूच्या आकाराचा. हे एवढं मोठं धूडही पट्टे पाडतं. तिथल्या मंडळींनी तो रेणू लेझरने तापवत नेला. तापलेली सळई जशी लाल होऊन उजेड टाकते तसा तापलेला रेणू वाटेत प्रकाशकण फेकतो, आणि त्या प्रकाशकणांत तो कुठे होता याची चहाडी असते. तापमान वाढत गेलं तसे पट्टे फिके होत गेले आणि शेवटी पुसले गेले. ते प्रकाशकण कोणी गोळा केले नव्हते, मोजले नव्हते, त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. चहाडी झाली, ऐकायला कानच नव्हता, तरी परिणाम झाला.

याला डीकोहिरन्स म्हणतात. सोप्या भाषेत, आजूबाजूला नोंद होणं. आता तुमची खाडी बघा. ओहोटीच्या सकाळी काठावरच्या चिखलात रात्री पाणी कुठवर आलं होतं त्याची ओली रेघ असते, आणि हिवाळ्यात फ्लेमिंगोंच्या जाळीदार पायांचे ठसे असतात. रात्री दोनला तिथे बघायला कोण होतं? रेघ तरीही आहे. हवेचे, पाण्याचे, उजेडाचे इतके धक्के त्या खाडीला सतत बसतात, की कुठल्या क्षणी तिची नोंद होत नाही हेच शोधावं लागेल. निर्वात नळीतून एकट्याने निघालेल्या इलेक्ट्रॉनला तसं कोणी भेटत नाही. म्हणून त्याचे चाळे दिसतात आणि खाडीचे दिसत नाहीत. मुलीला सांगा, झोप खुशाल. खाडीला तुझ्या जागरणाची गरज नाही.

चेतनेची कल्पना मात्र शिबिरवाल्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी १९३२ साली दाखवलं होतं, की मोजमापाची साखळी नेमकी कुठे तोडायची, म्हणजे अनेक शक्यतांतून एक कुठे पक्की झाली म्हणायचं, यंत्रापाशी, डोळ्यापाशी की आणखी आत, हे गणित सांगत नाही. भौतिकशास्त्रज्ञ युजीन विग्नर यांनी १९६१ साली लिहिलं, की ती जाणिवेपाशी तुटते. पुढे त्यांना नोबेल मिळालं, त्यामुळे त्यांचं नाव घेतलं की सभागृह गप्प बसतं. पण हेच विग्नर नंतर या मतावरून मागे फिरले. डीटर त्से यांनी १९७० मध्ये हे आजूबाजूच्या नोंदीचं प्रकरण मांडलं, ते त्यांना पटलं. शिबिरांमध्ये विग्नर १९६१ साली येतात आणि तिथेच बसून राहतात.

कोडं सुटलंय असं मात्र मी म्हणणार नाही. पट्टे का जातात ते कळलं. पण इतक्या शक्यतांतून हीच एक प्रत्यक्षात का उतरली, यावर भौतिकशास्त्रज्ञांचं आजही जमत नाही. बोम यांनी १९५२ साली म्हटलं, कणाला जागा असतेच, लाट त्याला फक्त वाट दाखवते. एव्हरेट १९५७ साली म्हणाले, सगळ्याच शक्यता उतरतात, वेगवेगळ्या शाखांत. या भांडणात चेतनावाल्यांनाही एक खुर्ची आहे, कोपऱ्यातली. तेव्हा 'असंही काही जण मानतात' म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. 'सिद्ध केलंय' म्हणाले, म्हणून एवढं लिहावं लागतंय.

आता उपनिषदं. इथे मला जास्त राग येतो, कारण हे माझ्या माहेरचं आहे. वडील संस्कृतचे मास्तर. चरईतल्या आमच्या कौलारू घरात संध्याकाळी परवचा झाला की सांख्यकारिका, म्हणजे सांख्य दर्शनाचे श्लोक, असायच्या. अर्थ नंतर, आधी पाठांतर. एकोणिसाव्या कारिकेच्या शेवटी पुरुषाचं, म्हणजे शुद्ध चैतन्याचं, वर्णन येतं : द्रष्टृत्वमकर्तृभावश्च. तो द्रष्टा आहे आणि तो अकर्ता आहे. एका दमात दोन्ही. तो बघतो आणि काहीच करत नाही. करणं-सवरणं सगळं प्रकृतीकडे, म्हणजे जड जगाकडे. मन, बुद्धी, अहंकारसुद्धा प्रकृतीच्याच बाजूला, जडात. वेदान्ताचा साक्षीही याच चालीचा. मुंडकोपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा न खाता नुसता बघत बसतो. बघून तो फळ पिकवत नाही.

म्हणजे बघा, प्रयोगशाळेतला 'निरीक्षक' काहीतरी करतो, पण त्याला जाणीव असण्याची गरज नाही, तापल्या रेणूचा उजेड पुरतो. दर्शनांतला द्रष्टा म्हणजे निव्वळ जाणीव, पण तो करत काही नाही. सातबाऱ्यावर एकाच नावाचे दोन शेतकरी निघावेत तशातला प्रकार. नाव जुळलं म्हणून जमीन एक होत नाही, आणि अशा घोळात कुणीतरी तिसराच जमीन विकून जातो.

शंकराचार्य तर या शिबिरात पहिल्या अर्ध्या तासात उठले असते. 'बाहेरची वस्तू नाहीच, आहे ते फक्त ज्ञान' असं विज्ञानवादी बौद्ध म्हणत. त्यावर ब्रह्मसूत्रांत सूत्र आहे, नाभाव उपलब्धेः. वस्तू नाही असं नव्हे, कारण ती अनुभवाला येते. त्याच्या भाष्यात आचार्य म्हणतात, हे म्हणजे एखाद्याने जेवता जेवता, तृप्ती स्वतः अनुभवत असताना, 'मी जेवतही नाही आणि तृप्तही होत नाही' म्हणण्यासारखं आहे. ठाण्यात सांगायचं तर मामलेदारची तिखट मिसळ समोर, नाका-डोळ्यांतून पाणी, आणि गृहस्थ म्हणतोय तर्री भास आहे! लगेच पुढच्या सूत्रात जागेपण स्वप्नासारखं नाही, असंही बजावलंय. जग मिथ्या म्हणणारा माणूस हे लिहितो, यात विसंगती नाही. व्यवहाराच्या पातळीवर खाडी आहे आणि ती सगळ्यांसाठी आहे. परमार्थाच्या पातळीवर ब्रह्माखेरीज काही नाही. एका पातळीचं वाक्य उचलून दुसरीवर ठेवलं की शिबिर भरवता येतं.

'बघणं हीच निर्मिती' म्हणणारे वेदान्ती झालेच नाहीत असं नाही. नंतरच्या काळात प्रकाशानंदांनी हे मत हिरिरीने मांडलं, त्याला दृष्टिसृष्टिवाद म्हणतात. तुमच्या वक्त्याने हे नाव घेतलं असतं तर मी अर्धे गुण दिले असते.

क्वांटम सिद्धान्ताचे एक जनक श्रोडिंगर यांचं नाव तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण तिथे घेतलंच असणार. ते उपनिषदं मनापासून वाचत, हे खरंच आहे. चैतन्याला अनेकवचन नाही, ही त्यांची आवडती ओळ तिकडूनच आली. पण वेदान्तावर ते लिहीत होते १९२५ साली, आणि त्यांचं क्वांटम लाटेचं समीकरण आलं १९२६ मध्ये. श्रद्धा आधीची, ती समीकरणातून सिद्ध झालेली नव्हे. उलट पाहणारा आणि पाहिलेलं यांच्यातली भिंत क्वांटम सिद्धान्ताने पाडली असं इतर जण म्हणू लागले, तेव्हा १९५१ साली छापलेल्या व्याख्यानांत त्यांनी ते अमान्य केलं. इतका खोल प्रश्न मोजमापांच्या निकालावर अवलंबून असेल असं त्यांना वाटत नव्हतं. पेटीतलं मांजर कोणी बघेपर्यंत जिवंतही आणि मेलेलंही, ही गोष्टही त्यांनी १९३५ साली चेष्टा म्हणून लिहिली होती. तिचा आता पोथीसारखा पाठ होतो.

मेहुण्यांशी वाद घालू नका. ध्यानाला बसून त्यांना बरं वाटत असेल तर बसू दे, त्यासाठी इलेक्ट्रॉनची शिफारस लागत नाही. अठरा हजारांचं तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही बँकेत आहात.

प्रश्न : आपण मागे एकदा 'पूर्वजांना अणू ठाऊक होता' या म्हणण्याची टर उडवली होती. कणादांचं नाव आपण ऐकलं नसेल असं वाटत नाही. स्वतःच्या परंपरेचा एवढा कमीपणा का?
– एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : काका, कमीपणा नाही. उलट तुम्ही कणादांना कमी गुण देताय, ही माझी तक्रार आहे.

चरईच्या त्या घराचं एक कौल सरकलेलं होतं. दुपारी तीनच्या सुमाराला तिथून उन्हाची तिरीप आत यायची, थेट आईच्या पाट्या-वरवंट्यावर, आणि तिच्यात धुळीचे कण सावकाश वर-खाली होत राहायचे. एकदा वडिलांनी मला तिथे उभं केलं आणि म्हणाले, हा त्रसरेणू. वैशेषिकांच्या, म्हणजे कणादांच्या दर्शनातल्या मंडळींच्या, मते डोळ्यांना दिसणारी ही सगळ्यात लहान वस्तू. दोन परमाणूंचं द्व्यणुक, अशा तीन द्व्यणुकांचं हे एक त्र्यणुक. म्हणजे एका कणात सहा परमाणू. मी हात घातला तर कण बाजूला पळाले. "परमाणू लागले का हाताला?" वडील विचारत होते. आई म्हणत होती, "वाटणात धूळ घालू नका."

त्या कणात लाखो कोटी अणू असतात हे मला पुढे कळलं. सहा आणि लाखो कोटी. आकडा चुकला, आणि तो चुकणारच होता, मोजायला काही नव्हतं. पण परमाणू मानायचं कारण बघा. वस्तूचे तुकडे कधीच न संपता होत राहिले, तर मेरूपर्वतालाही अनंत तुकडे आणि मोहरीच्या दाण्यालाही अनंत. मग मेरू मोठा आणि मोहरी लहान कशामुळे? म्हणून कुठेतरी थांबायला हवं. हा युक्तिवाद आज गणितात टिकत नाही, कारण अनंताचा हिशेब वेगळा करायला आपण शिकलो. पण घरात बसून, एका तिरिपेकडे बघत, माणसं किती लांब गेली होती! 'त्यांना सगळं माहीत होतं' म्हटलं की हे विचार करणं झाकलं जातं आणि ऋषी म्हणजे पेपर आधीच फुटलेले विद्यार्थी होतात. माझा राग त्यावर आहे.

आणखी एक. आपली दर्शनं चेतनेबद्दल एका सुरात बोलत नाहीत, कडाकडा भांडतात. वैशेषिकांच्या यादीत आत्मा हे नऊ द्रव्यांपैकी एक, आणि जाणीव हा त्याचा येता-जाता गुण. गाढ झोपेत ती नसते. वेदान्ती म्हणतात, छे, जाणीव हाच आत्मा. चार्वाकांचं तिसरंच : धान्य आंबवलं की त्यात कैफ येतो, तशी चार भूतं एकत्र आली की जाणीव येते. 'भारतीय तत्त्वज्ञान म्हणतं की...' अशी सुरुवात करणाऱ्याला आधी विचारावं, यांपैकी कोण म्हणतं?

ते घर पाडलं, तिथे आता सात मजली इमारत आहे. तिरीप मात्र माझ्या सध्याच्या घरातही येते, आणि शेजारी रीडेव्हलपमेंट चालू असल्याने त्रसरेणूंना तोटा नाही. कधी दुपारी या.

प्रश्न : मेंदूतल्या पेशींमध्ये क्वांटम घडामोडी होतात आणि त्यातूनच चेतना येते, असं मी ऐकलं. नोबेलविजेत्याचं मत आहे म्हणतात.
– एक विद्यार्थिनी, नेरूळ

उत्तर : रॉजर पेनरोज. नोबेल त्यांना २०२० साली मिळालं, पण कृष्णविवरांच्या कामाबद्दल. पेशींमध्ये मायक्रोट्यूब्यूल नावाच्या सूक्ष्म नळ्या असतात. तिथे हे घडतं अशी त्यांची आणि भूलतज्ज्ञ स्टुअर्ट हॅमरॉफ यांची कल्पना. अडचण तीच, ऐरोलीच्या खाडीची. मेंदू ओला आणि उबदार. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० साली हिशेब मांडला, की तिथली नाजूक अवस्था फार तर सेकंदाचा दहा लाख कोटीवा भाग टिकेल. मेंदूतल्या पेशींचा कारभार सेकंदाच्या हजाराव्या भागात चालतो, म्हणजे सभा सुरू व्हायच्या कितीतरी आधी वक्ता घरी गेलेला. हॅमरॉफ यांना हा हिशेब मान्य नाही. माझं मत विचाराल तर दोन गूढं आहेत म्हणून ती एकच असतील, असं मानायला मला अजून कारण सापडलेलं नाही. आणि प्रत्येक अंकात 'नोबेलविजेत्याचं मत' म्हणून एकतरी पत्र येतंच.

ऐरोलीच्या मुलीसाठी, वेगळं : वडिलांना ठाणे स्टेशनबाहेर मिळतो तो साधा लाल लेझर आणायला सांग. जुन्या लग्नपत्रिकेला बोटभर चौकोनी भोक पाड, त्यात स्वतःचा एक केस ताणून चिकटपट्टीने लाव. लेझर पुस्तकांच्या चळतीवर ठेव, बटण दाबून धरायला कपड्यांचा चिमटा लाव आणि दिवा बंद करून केसावर नेम धर. भिंतीवर एकच लाल ठिपका दिसायला हवा, पण आडवी पसरलेली लाल-काळ्या तुकड्यांची ओळ दिसेल. मी परवा स्वयंपाकघरात हे मांडलं. केसापासून भिंत तीन मीटर, काळ्या जागांमधलं अंतर दोन पूर्णांक आठ सेंटिमीटर. लाल उजेडाची तरंगलांबी साधारण ६५० नॅनोमीटर धरली, तिला भिंतीच्या अंतराने गुणलं, पट्ट्यांच्या अंतराने भागलं. माझा केस सत्तर मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सत्तर हजारांश, जाडीचा निघाला. मधेच दूध उतू जायला लागलं म्हणून मी पाठ फिरवली. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू होतं. नंतर पाहिलं तर पट्टे जागच्या जागी होते, दूध मात्र गेलं. ही नुसती प्रकाशलहरींची करामत आहे. एकेका कणाची गंमत पाहायला तोनोमुरांसारखं यंत्र लागतं. पण तुझा केस आणि त्यांची तार एकाच कामावर आहेत.

लेझरमध्ये थेट बघायचं नाही, आणि समोरच्या इमारतीवर मारायचा नाही. तुझा आणि बाबांचा, दोघांचे केस मोजून कळव. भिंतीपर्यंतचं अंतर लिहायला विसरू नकोस. मागच्या प्रयोगाच्या वेळी तिघांनी नुसते पट्टे मोजून पाठवले, मी त्यांचं काय करू?